खेळाडू ते प्रशिक्षक: झाबी अलोन्सोनं लेव्हरकुसनमध्ये काय केलं आणि माद्रिदमध्ये ते का जमलं नाही

झाबी अलोन्सो आता आपला प्रशिक्षक नाही, असं रेयाल माद्रिदनं 12 जानेवारी 2026 रोजी जाहीर केलं. आदल्याच रात्री जेद्दाहमध्ये स्पॅनिश सुपर कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनानं माद्रिदला 3-2 असं हरवलं होतं. अलोन्सोला पद सांभाळून आठ महिनेही झाले नव्हते. त्याच्या हाताखाली माद्रिद 34 सामने खेळलं आणि त्यातले 24 जिंकलं. तरीही निरोप मिळाला.

याच माणसानं 2023-24 च्या हंगामात बायर लेव्हरकुसनला जर्मनीची लीग एकही सामना न हरता जिंकून दिली होती. हा क्लब 1904 साली स्थापन झालेला. तोवरच्या 120 वर्षांत तो एकदाही लीग जिंकला नव्हता. अलोन्सो तिथे रुजू झाला तेव्हा तर संघ 18 पैकी सतराव्या क्रमांकावर होता.

मग हा प्रशिक्षक मोठा, की लेव्हरकुसनचं ते एक वर्ष नशिबाचं? फुटबॉल नुसता निकालांपुरता पाहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. उत्तरासाठी आधी एक साधी गोष्ट नीट समजून घ्यावी लागते: मैदानाच्या मधोमध खेळणारा माणूस नेमकं करतो काय?

गोल करत नाही, गोल अडवत नाही, मग हवा कशाला?

आघाडीचे खेळाडू गोल करतात, बचावफळी गोल वाचवते. त्यांची कामं डोळ्यांना दिसतात. मधल्या फळीतल्या माणसाचं काम चटकन दिसत नाही. त्यातही अलोन्सोची जागा बचावफळीच्या अगदी समोरची. या जागेला फुटबॉलमध्ये पिव्होट म्हणतात. मागून चेंडू घ्यायचा आणि पुढे कुणाला, किती वेगानं, त्याच्या कुठल्या पायावर द्यायचा हे ठरवायचं, एवढंच त्याचं काम. पण हे ठरवायला त्याला सेकंदभरही मिळत नाही, कारण चहूबाजूंनी प्रतिस्पर्धी असतात. म्हणून चांगला पिव्होट चेंडू पायाशी येण्याआधीच खांद्यावरून मागे बघून घेतो. चेंडू येईपर्यंत त्याचा निर्णय झालेला असतो.

अलोन्सो वेगवान नव्हता. दोघातिघांना चकवत पुढे जाणं हा त्याचा खेळच नव्हता. त्याच्याकडे नजर होती आणि साठ मीटरवरचा चेंडू सहकाऱ्याच्या पावलांत अलगद उतरवणारा उजवा पाय होता. इंग्लंडमध्ये खेळताना तिथली तरुण मुलं ‘टॅकल’ हा आपला गुण म्हणून सांगतात, याचं त्याला नवल वाटायचं. घसरत जाऊन चेंडू हिसकावणं हा त्याच्या लेखी नाइलाजाचा उपाय होता. आपण योग्य जागी उभे असू तर त्याची वेळच यायला नको, हा त्याचा विचार. पुढे त्याच्या संघांचा खेळही याच विचारावर उभा राहिला.

अशा माणसाची किंमत तो गेल्यावर कळते. 2008-09 मध्ये अलोन्सो खेळत असलेलं लिव्हरपूल 86 गुण मिळवून इंग्लंडमध्ये दुसरं आलं, हंगामात फक्त दोन सामने हरलं. 2009 च्या उन्हाळ्यात अलोन्सो माद्रिदला गेला. पुढच्या हंगामात लिव्हरपूल 63 गुणांवर घसरून सातव्या क्रमांकावर गेलं. दुखापती होत्या, क्लबच्या मालकीचे वाद होते, सगळं खरं. पण स्टीव्हन जेरार्ड आणि फर्नांडो टोरेस तेव्हाही त्याच संघात होते. त्यांच्यापर्यंत चेंडू वेळेवर आणि हव्या त्या जागी पोचवणारा माणूस तेवढा उरला नव्हता.

‘जागेचा खेळ’ म्हणजे काय?

स्पेनमध्ये रुजलेल्या ज्या पद्धतीबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं, तिला मराठीत ‘जागेचा खेळ’ म्हणता येईल. ती कळायला लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. चार वाढपी आहेत. चौघेही एकाच टोकाला जिलबीचं ताट घेऊन गोळा झाले, तर दुसऱ्या टोकाची पानं रिकामी राहतात आणि मधे गर्दी होते ती वेगळीच. अनुभवी वाढपी आपापला पट्टा धरतात. एकानं पट्टा सोडला तर शेजारचा न सांगता तिकडे सरकतो. कुणी ओरडत नाही, तरी पंगत सुरळीत उठते.

मैदानावरही तसंच. चेंडूकडे सगळ्यांनी धावायचं नाही. प्रत्येकानं असं उभं राहायचं, की चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला नेहमी दोन-तीन मोकळे सहकारी दिसावेत. तुम्ही पसरलात की प्रतिस्पर्ध्यालाही पसरावं लागतं. तो पसरला की त्याच्या खेळाडूंमध्ये फटी पडतात आणि त्या फटीतून चेंडू पुढे जातो. म्हणजे दहा-बारा बिनमहत्त्वाचे वाटणारे पास वेळकाढूपणा नसतात. प्रतिस्पर्ध्याला जागचं हलवण्यासाठी ते दिलेले असतात.

हे सगळं मैदानाच्या मध्यातून सर्वांत स्पष्ट दिसतं. आघाडीच्या खेळाडूची पाठ आपल्या संघाकडे असते, गोलरक्षक फार लांब असतो. पिव्होट मात्र दोन्हीकडे पाहतो आणि पाहिलेल्यावर नव्वद मिनिटं निर्णय घेत राहतो. पेप गार्डिओला, मिकेल आर्तेता, झावी, सेस्क फाब्रेगास हे स्पॅनिश प्रशिक्षक सगळे मधल्या फळीत खेळलेले आहेत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

गिपुस्कोआतली शाळा

अलोन्सोचा जन्म 25 नोव्हेंबर 1981 चा, उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या तोलोसा गावचा. वडील पेरिको अलोन्सो हेही मधल्या फळीतले. रेयाल सोसिएदादकडून त्यांनी 1981 आणि 1982 अशा सलग दोन लीग जिंकल्या, नंतर 1985 मध्ये बार्सिलोनाकडून तिसरी. झाबी सान सेबास्तियानमध्ये वाढला आणि अँतिग्वोको नावाच्या स्थानिक क्लबात खेळला. तिथे त्याच्यासोबत मिकेल आर्तेता होता, आज आर्सेनलचा प्रशिक्षक. पुढे प्रशिक्षक झालेला अँदोनी इराओला त्याच क्लबातला. ॲस्टन व्हिलाला नव्यानं उभं करणारा उनाय एमेरी त्याच जिल्ह्यातला. गिपुस्कोआ हा सात लाखांच्या आसपास वस्तीचा छोटा प्रांत आहे आणि एवढ्याशा जागेतून इतके प्रशिक्षक निघाले. घरात, शाळेत, समुद्रकिनाऱ्यावर खेळाबद्दल विचार करत बोलण्याची सवय असल्याशिवाय असं घडत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द भरगच्च आहे, तिच्यातल्या ठळक गोष्टी तेवढ्या सांगतो. जॉन टोशॅकनं त्याला विशीच्या आत सोसिएदादचा कर्णधार केलं. 2002-03 मध्ये त्या संघाची लीग माद्रिदच्या मागे फक्त दोन गुणांनी हुकली. 2005 च्या इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात लिव्हरपूल मिलानविरुद्ध 0-3 मागे होतं. बरोबरीचा तिसरा गोल त्याचा, तोही पेनल्टी अडवली गेल्यावर परत आलेल्या चेंडूवर. स्पेनसाठी 114 सामने, 2010 चा विश्वचषक, 2008 आणि 2012 चे युरो करंडक. 2014 मध्ये माद्रिदकडून पुन्हा चॅम्पियन्स लीग, मात्र निलंबनामुळे तो अंतिम सामना त्याला सुटाबुटात बाहेरून पाहावा लागला. मग बायर्न म्युनिकमध्ये तीन वर्षांत तीन लीग, आणि 2017 मध्ये निवृत्ती.

प्रशिक्षक म्हणून तयार होण्याच्या दृष्टीनं या पदकांहून मोलाची आहे ती त्याला शिकवणाऱ्यांची यादी: राफा बेनितेझ, जोझे मोरिन्यो, कार्लो आन्चेलोत्ती, पेप गार्डिओला, आणि स्पेनच्या संघात लुईस आरागोनेस व व्हिसेंते देल बोस्के. बेनितेझ आणि मोरिन्योकडे संघ आवळून बचाव कसा करायचा हे पाहायला मिळालं, गार्डिओलाकडे जागेचा खेळ, आन्चेलोत्तीकडे मोठ्या खेळाडूंची मनं सांभाळणं. एकमेकांशी न पटणाऱ्या इतक्या विचारांच्या तालमीतून गेलेला खेळाडू विरळा.

मोठा खेळाडू आपोआप मोठा प्रशिक्षक होतो का?

नाही. आंद्रेया पिर्लो हाही अप्रतिम पिव्होट, नजरेच्या बाबतीत अलोन्सोपेक्षा कांकणभर सरसच. 2020 मध्ये युव्हेंटसनं त्याला कसलाही अनुभव नसताना थेट मुख्य संघ दिला. सलग नऊ वर्षं इटलीची लीग जिंकणारा तो संघ त्या वर्षी चौथा आला आणि पिर्लोला जावं लागलं.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याकडच्या प्रेक्षकांनी जवळून पाहिलं आहे. सर्जिओ लोबेरा खेळाडू म्हणून कुणाला ठाऊक नव्हता. प्रशिक्षक म्हणून त्यानं आधी एफसी गोवाला मागून एकेक पास देत खेळ उभारायला शिकवलं आणि मग 2020-21 मध्ये मुंबई सिटीला इंडियन सुपर लीगची शील्ड आणि करंडक दोन्ही मिळवून दिले. गोलरक्षक चेंडू लांब का फेकत नाही म्हणून फातोर्ड्याच्या स्टँडमध्ये ज्यांचा जीव टांगणीला लागायचा, त्यांना जागेचा खेळ काय हे वेगळं सांगायला नको.

स्वतःला दिसणं आणि दुसऱ्याला दिसेल असं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. अलोन्सोला हे कळलं होतं, आणि त्याच्या कारकिर्दीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा, पण सर्वांत कमी चर्चिला गेलेला टप्पा इथे येतो. त्याच्या नावावर मोठ्या क्लबांची दारं उघडली असती. पण 2018 मध्ये त्यानं माद्रिदच्या चौदा वर्षांखालच्या मुलांचा संघ घेतला आणि पुढच्या वर्षी तो रेयाल सोसिएदादच्या दुसऱ्या संघाकडे गेला. तिथे तो तीन वर्षं राहिला. 2021 मध्ये त्यानं हा संघ स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत नेला, 1962 नंतर प्रथमच. पुढच्या वर्षी तोच संघ पुन्हा खाली घसरला. म्हणजे विश्वविजेता खेळाडू तिशीच्या शेवटाला पोरांचा संघ घेऊन सामने हरत होता आणि सोमवारी पुन्हा सरावाला उभा राहत होता. एखादी गोष्ट विशीच्या मुलाला तीनदा सांगूनही कळत नसेल, तर चौथ्यांदा ती कशी सांगायची, हे तिथे शिकायला मिळतं.

लेव्हरकुसनमध्ये त्यानं काय बदललं?

ऑक्टोबर 2022 मध्ये तो आला तेव्हा संघाचे आठ सामन्यांत पाच गुण होते. पहिलाच सामना शाल्केविरुद्ध 4-0 असा जिंकला, पण आठवडाभरातच फ्रँकफर्टनं 5-1 असा धुव्वा उडवला. इथे अलोन्सोनं शहाणपणा केला. आपल्या आवडीचा खेळ पहिल्या दिवसापासून लादला नाही. आधी बचाव आवळला, चेंडू मिळाला की वेगानं प्रतिहल्ला, एवढंच ठेवलं. हंगामाअखेर संघ सहावा आला.

2023 च्या उन्हाळ्यात मात्र त्यानं हवा तसा संघ बांधला. आर्सेनलमधून ग्रानित झाका आला: संथ, अनुभवी, खेळाची गती ताब्यात ठेवणारा. अलोन्सोनं स्वतःचीच जागा त्याला दिली, असं म्हटलं तरी चालेल. मागे तीन बचावपटू ठेवले. त्यांच्या दोन्ही अंगांना विंगबॅक, म्हणजे बचावाला मागे येणारे आणि हल्ल्याला थेट पुढच्या टोकाला जाणारे खेळाडू. डावीकडचा अलेक्स ग्रिमाल्दो बेन्फिकाकडून फुकट आला होता. बचावपटू म्हणून ओळखला जाणारा हा माणूस लीगमध्ये 10 गोल करून बसला. उजवीकडे जेरेमी फ्रिम्पाँग. हे दोघे कडेला पसरले की प्रतिस्पर्ध्याची फळी ताणली जायची आणि मधल्या फटीत वीस वर्षांचा फ्लोरियान विर्ट्झ चेंडू घ्यायचा.

14 एप्रिल 2024 ला वेर्डर ब्रेमेनला 5-0 हरवून, पाच सामने शिल्लक असतानाच, लेव्हरकुसननं लीग जिंकली. बायर्नची सलग अकरा वर्षांची सत्ता संपली. 34 सामन्यांत 28 विजय, 6 बरोबरी, 90 गुण. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, न हरता जिंकणारा हा पहिला संघ. मग जर्मन चषकही आला. 2002 मध्ये याच क्लबानं लीग, चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं अगदी शेवटी घालवली होती. ‘कायमचा दुसरा’ अशी त्याची टिंगल व्हायची. तिथल्या पन्नाशीतल्या समर्थकांसाठी तो एप्रिल काय असेल, याची कल्पना करता येते.

पण किती गोल शेवटच्या मिनिटाला! ते नशीबच ना?

ही शंका रास्त आहे. युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेत काराबागविरुद्ध 0-2 मागे असताना संघानं आधी एक गोल फेडला आणि मग पाट्रिक शिकनं नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत दोन गोल मारून सामना 3-2 असा फिरवला. रोमाविरुद्ध उपांत्य फेरीत 97 व्या मिनिटाला बरोबरी साधली. डॉर्टमुंड आणि स्टुटगार्टविरुद्धही जवळपास तसंच.

एखादा गोल नशिबानं होतो. पण तीच गोष्ट महिन्यामागून महिने घडत असेल, तर तिचं कारण खेळात शोधायला हवं. चेंडूमागे धावणारा संघ चेंडू फिरवणाऱ्यापेक्षा जास्त दमतो. ऐंशी मिनिटं डावीकडून उजवीकडे पळवलेल्या बचावपटूंचे पाय शेवटी जड होतात आणि सुरुवातीला न पडणाऱ्या फटी तेव्हा पडतात. लेव्हरकुसन त्या वेळीही घाईनं उंच चेंडू मारत बसायचं नाही. पहिल्या मिनिटाला खेळायचं तसंच नव्वदाव्याला खेळायचं.

या पद्धतीला उत्तर नाही असं मात्र नाही. सलग 51 सामने न हरलेल्या या संघाला 22 मे 2024 ला डब्लिनमध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात अटालांटानं 3-0 हरवलं. तिन्ही गोल अडेमोला लुकमनचे. प्रशिक्षक जिआन पिएरो गास्पेरिनीनं काय केलं, तर मैदानभर प्रत्येक खेळाडूमागे आपला एक माणूस लावून दिला. चेंडू घेणाऱ्याला मान वर करायलाही उसंत न देता अंगावर जाण्याच्या या डावपेचाला प्रेसिंग म्हणतात. जागेचा खेळ मोकळ्या सहकाऱ्यावर चालतो. मोकळा कुणी उरलाच नाही, तर सगळी आखणी कोलमडते. हंगामातल्या 53 सामन्यांतला तो एकमेव पराभव.

मग माद्रिदमध्ये काय बिघडलं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेल्या.

पहिली, वेळ. 1 जून 2025 ला काम सुरू झालं आणि त्याच महिन्यात अमेरिकेत क्लब विश्वचषक. नवा विचार अंगात मुरायला जो निवांत सराव लागतो, तो मिळायच्या आधीच उपांत्य फेरीत पॅरिसनं 4-0 हरवलं.

दुसरी, खेळाडूंचा होकार. लेव्हरकुसनच्या बहुतेक खेळाडूंनी फारसं काही जिंकलेलं नव्हतं, त्यामुळे विश्वविजेता सांगतो ते ऐकायला ते उत्सुक होते. माद्रिदच्या खोलीत अनेक चॅम्पियन्स लीग जिंकलेले लोक बसतात. 26 ऑक्टोबरला बार्सिलोनाविरुद्ध 2-1 असा विजय मिळत असताना व्हिनिसियस ज्युनियरला बाहेर बोलावलं आणि तो सगळ्यांदेखत चिडून निघून गेला. नंतरच्या त्याच्या माफीपत्रात प्रशिक्षकाचं नाव नव्हतं. जागेच्या खेळात प्रत्येकानं चेंडू नसतानाही आपलं काम करायचं असतं. एकानं जरी अंग काढून घेतलं, तरी बाकीच्या दहांची धावपळ वाया जाते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. संघात पिव्होटच नव्हता. टोनी क्रूस 2024 मध्ये निवृत्त झाला, लुका मॉड्रिच 2025 च्या उन्हाळ्यात मिलानला गेला. क्लबनं त्या उन्हाळ्यात बचावपटू घेतले, आघाडीला एक तरुण घेतला, पण मधल्या फळीसाठी खेळाची सूत्रं हातात घेणारा कुणी आणला नाही. लेव्हरकुसनमध्ये झाका होता. ज्या जागेवर अलोन्सो आयुष्यभर खेळला, माद्रिदमध्ये नेमकी तीच जागा रिकामी होती.

म्हणजे तो अपयशी ठरला का?

माद्रिदमध्ये ठरला, आणि सगळा दोष क्लबवर टाकणं बरोबर होणार नाही. लेव्हरकुसनमध्ये त्यानं आधी हाताशी असलेल्या खेळाडूंना झेपेल असा खेळ दिला होता आणि आपला विचार नंतर आणला होता. तो धीर माद्रिदमध्ये दिसला नाही, किंवा त्याला तो दाखवू दिला गेला नाही. पण लेव्हरकुसनचं वर्ष यानं खोटं ठरत नाही. 34 सामन्यांची लीग न हरता जिंकणं वाऱ्यावर घडत नाही.

पुढचा सामना बघताना

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, म्हणून आपणही चेंडूच बघतो. एकदा पहिली दहा मिनिटं फक्त पिव्होटकडे बघा. चेंडू येण्याआधी तो किती वेळा मान वळवतो, पास दिल्यावर जागच्या जागी थांबतो की दोन पावलं सरकून पुन्हा मोकळा होतो, आणि सहकारी अडचणीत आला की त्याला मागे पास द्यायला हा दिसतो का, एवढंच टिपा. सरावासाठी आर्सेनलचा सामना चांगला. तिथे या जागेवर मार्टिन सुबिमेंदी खेळतो. तो सान सेबास्तियानचा, सोसिएदादच्या दुसऱ्या संघात अलोन्सोच्याच हाताखाली तयार झालेला, आणि 2025 च्या उन्हाळ्यात त्याला इंग्लंडला आणलं ते अलोन्सोच्या लहानपणच्या सोबत्यानं, आर्तेतानं.